स्टिअरिंगवरचा हात

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतल्या सोयाबीन-तुरीच्या रानांतून ताशी १२० किलोमीटर वेगाने मोटारी धावू लागल्या. वाशिम जिल्ह्यातून या रस्त्याची लांबी सुमारे ९७ किलोमीटर भरते. वाशिम १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या इथल्या कास्तकाराच्या शेताला लागून देशातला एक अत्यंत आधुनिक रस्ता आला.

हा रस्ता बांधताना अभियंत्यांनी चालकाच्या वाटेतली जवळजवळ प्रत्येक अडचण बाजूला सारली. समोरून येणारी वाहतूक वेगळी केली. गावरस्ते पुलाखालून किंवा पुलावरून नेले. दुचाकी, ऑटोरिक्षा, बैलगाडी आणि पायी माणूस यांना मनाई केली. दोन्ही बाजूंना कुंपण घातले. सिग्नल नाही, चौक नाही, गतिरोधक नाही. चालकाने काही ठरवावे असे प्रसंगच उरले नाहीत.

आणि तिथेच माणसे मरू लागली. पहिल्या काही महिन्यांतच अपघातांची संख्या इतकी वाढली की नागपूरच्या व्हीएनआयटीमधल्या अभ्यासकांनी त्यांची कारणे तपासली. त्यांत एक शब्द ठळकपणे पुढे आला, ‘रोड हिप्नोसिस’. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचे डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, पण मन जागेवर नसते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली एक खाजगी बस वाशिम जिल्हा ओलांडून बुलढाण्यात शिरली. सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात ती उलटली आणि पेटली. ३३ जणांपैकी २५ जण जळून गेले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. आरटीओच्या तपासणीत त्याला आधार मिळाला नाही, आणि चालकाला डुलकी लागल्याचा संशय बळावला.

अशा बातमीनंतर एक प्रश्न हटकून विचारला जातो. माणूस झोपतो, थकतो, मोबाइल बघतो. यंत्र यांपैकी काहीच करत नाही. मग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती गाडी का देऊ नये? प्रश्न रास्त आहे. पण त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास जगाच्या दुसऱ्या टोकाला घडला असला तरी त्याचे धडे वाशिमच्या रस्त्याला थेट लागू पडतात.

तांडा आणि शकुंतला

चालकाच्या डोक्यावरचा भार कमी करण्याची धडपड या मुलुखाला नवी नाही. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. या समाजाच्या पूर्वजांनी शेकडो वर्षे दख्खनची मालवाहतूक बैलांच्या पाठीवरून केली. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. असा तांडा आडवा आला की वाटसरूंना तो पुढे सरकेपर्यंत दोन-तीन दिवस थांबावे लागे. एवढ्या बैलांना एकेक करून कोणी हाकत नसे. पुढचा बैल वाट धरी, बाकीचे मागे चालत. पण पूर आलेली नदी आज उतरायची की उद्या, मुक्काम कुठे टाकायचा, पुढच्या मुलुखात लढाई चालू असेल तर वळसा घ्यायचा का, हे तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, ठरवी. तांड्याचे बरेवाईट झाले तर जाब त्यालाच द्यावा लागे.

विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस उचलायला नॅरोगेज रेल्वे आली. मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशा तिच्या दोन शाखा. मिळून सुमारे १९० किलोमीटर. यवतमाळची शाखा कारंज्यावरून जाई. पुढे ‘शकुंतला’ या नावाने ती घरोघरी ओळखली गेली. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले. रेल्वेने स्टिअरिंगच काढून टाकले. गाडी कुठे वळायची हे रुळांनी आधीच ठरवलेले. तरीही शकुंतलेवरच्या मोजक्या कर्मचाऱ्यांना तिकीट देण्यापासून सिग्नल आणि इंजिन जोडण्या-सोडण्यापर्यंत सगळी कामे स्वतः करावी लागत. ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्या, रुळांनी बांधलेल्या गाडीलाही जागा माणूस लागत होता.

बैलाने वाट धरली, रुळांनी वळण ठरवले, समृद्धीने वाटेतली माणसे आणि जनावरे हटवली. प्रत्येक वेळी चालकाचे काम थोडे कमी झाले. अनपेक्षित प्रसंगी निर्णय घेणे आणि त्या निर्णयाचा जाब देणे मात्र माणसाकडेच राहिले. आता यंत्र मागते आहे ते नेमके हेच काम.

सोपे आधी सुटले

विनाचालक मोटारीचा एक सुरुवातीचा जाहीर प्रयोग १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. त्या मोटारीत चालक नव्हता, पण मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीतला माणूस रेडिओलहरींनी तिला चालवत होता. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने १९६० सालच्या जगाचा देखावा उभा केला. त्यात महामार्गावर मोटारी आपोआप अंतर राखून धावत होत्या. १९५०च्या दशकात रस्त्यात तारा पुरून त्यांच्या इशाऱ्यावर गाडी चालवण्याचे प्रयोग झाले. या साऱ्यांत अक्कल रस्त्यात होती, गाडीत नव्हती.

गाडीला स्वतःचे डोळे देण्याचे मोठे काम जर्मनीत एर्न्स्ट डिकमान्स यांनी केले. १९८७ साली त्यांची कॅमेरे लावलेली व्हॅन रिकाम्या ऑटोबानवर ताशी ९६ किलोमीटरने धावली. १९९५ साली त्यांच्या मर्सिडीजने म्युनिकपासून डेन्मार्कपर्यंत जाऊन परत येण्याचा सुमारे १,७०० किलोमीटरचा प्रवास केला. त्यातले ९५ टक्के अंतर यंत्राने चालवले. त्याच वर्षी अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या डीन पॉमेरलो आणि टॉड योकेम यांनी पिट्सबर्ग ते सॅन डिएगो असा साडेचार हजार किलोमीटरहून अधिक प्रवास केला. त्यांच्या गाडीचे स्टिअरिंग ९८.२ टक्के अंतर संगणकाकडे होते. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर मात्र त्यांनी स्वतःच्या पायाखाली ठेवले होते.

सरळ, आखलेल्या, कुंपण घातलेल्या महामार्गावर गाडी पट्ट्याच्या मध्ये ठेवण्याचे काम यंत्राने असे १९९५ सालीच बऱ्याच अंशी जमवले. समृद्धीची घोषणा २०१५ ची. म्हणजे आपण जो रस्ता बांधला, त्याचा सोपा भाग यंत्राने वीस वर्षे आधीच सोडवलेला होता. उरलेल्या दोन-पाच टक्क्यांत काय दडले आहे, हे समजायला पुढची तीस वर्षे लागली.

१३ मार्च २००४ रोजी अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने मोहावी वाळवंटात विनाचालक गाड्यांची शर्यत लावली. मार्ग सुमारे २३० किलोमीटरचा, बक्षीस दहा लाख डॉलर. सर्वांत पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरच्या आतच अडकली. पुढच्या वर्षी, ८ ऑक्टोबर २००५ रोजी, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅन्ली’ने २१२ किलोमीटरचा मार्ग सात तासांच्या आत पूर्ण केला, आणखी चार गाड्याही शेवटपर्यंत पोहोचल्या. दीड वर्षात झालेली ही झेप पाहून जगाचा विश्वास उडी मारून वर गेला. २००९ साली गूगलने काम सुरू केले, आणि पाच-दहा वर्षांत चालक हा पेशा संपेल असे लोक बोलू लागले.

पण वाळवंटात सायकल घेऊन रस्ता ओलांडणारे कोणी नव्हते.

टेम्पेची ५.६ सेकंदे

१८ मार्च २०१८ च्या रात्री अॅरिझोना राज्यातल्या टेम्पे शहरात उबर कंपनीच्या चाचणी गाडीने एका महिलेला धडक दिली आणि ती मरण पावली. विनाचालक यंत्रणेने पादचाऱ्याचा जीव घेण्याची ही पहिली नोंद. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताचा सेकंदागणिक तपास केला, आणि तो प्रत्येक रस्ते अभियंत्याने वाचावा असा आहे.

ती महिला हातात सायकल धरून रस्ता ओलांडत होती. सायकलला पिशव्या लटकलेल्या. यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. दिसण्यात काही चूक नव्हती. चूक ओळखण्यात झाली. यंत्रणेने तिला आधी मोटार ठरवले, मग ‘इतर वस्तू’, मग सायकल, आणि हे पुन्हापुन्हा बदलत राहिले. प्रत्येक वेळी नाव बदलले की आधीच्या हालचालीचा हिशेब पुसला जाई, आणि ती कोणत्या दिशेने चालली आहे हा अंदाज नव्याने सुरू होई. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच आज्ञावलीत धरलेली नव्हती. गाडी बनवणाऱ्या कंपनीने मूळचा दिलेला आपत्कालीन ब्रेक, संगणकाच्या कारभारात ढवळाढवळ नको म्हणून, बंद ठेवलेला होता. आणि देखरेखीसाठी बसवलेली चालक मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती.

समृद्धीच्या वेगाने हिशेब केला तर ताशी १२० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. ५.६ सेकंदांत सुमारे १८७ मीटर. एवढ्या अंतरात जागा चालक ब्रेक दाबून गाडी थांबवू शकतो. पण ‘हे काय आहे’ याच विचारात तो वेळ गेला तर कितीही चांगला ब्रेक कामाचा नाही.

पुढे न्यायाचे काय झाले? सरकारी वकिलांनी २०१९ साली कंपनीवर फौजदारी गुन्हा न लावण्याचे ठरवले. खटला देखरेखीवरच्या चालकावर चालला. २०२३ साली तिने जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची देखरेखीखालची शिक्षा झाली. निर्णय यंत्राने घेतला, शिक्षा पगारी माणसाला झाली.

त्या चालकाची चूक होतीच. पण तिला दिलेले काम माणसाच्या स्वभावाविरुद्ध होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडार पाहणारे सैनिक पाणबुड्यांच्या खुणा चुकवतात, म्हणून नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले. नुसते पाहत बसण्याच्या कामात अर्ध्या तासातच माणसाची नजर ढिली पडते, असे त्यांना आढळले. १९८३ साली लिझान बेनब्रिज यांनी हाच मुद्दा कारखान्यांच्या संदर्भात मांडला: यंत्राने सोपे काम उचलले की माणसाकडे अवघड प्रसंगच उरतो, आणि तोही सराव मोडलेल्या अवस्थेत.

समृद्धीवरच्या रोड हिप्नोसिसचे मूळही इथेच आहे. रस्त्याने चालकाला निम्मा रिकामा केला आणि रिकामे मन भटकले. त्यात अर्धवट स्वयंचलित गाडी आली तर तो पाऊणपट रिकामा होईल, आणि जागे राहण्याची अपेक्षा मात्र पूर्ण राहील. ही मधली पायरी सर्वांत घातक आहे.

थांबलेला ट्रक आणि उडी मारणारा रोही

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ समृद्धीवर एक टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळली. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणारे बारा जण मेले. ट्रक आरटीओच्या पथकाने रस्त्यावर थांबवल्याचा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली.

वेगवान रस्त्यावर थांबलेले वाहन माणसाला उशिरा उमगते. यंत्राला ते सहज उमगेल असे वाटते, पण इतिहास उलटे सांगतो. २२ जानेवारी २०१८ रोजी कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत ‘ऑटोपायलट’ ही चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा चालू असलेली टेस्ला मोटार महामार्गावर उभ्या असलेल्या अग्निशमन दलाच्या गाडीवर आदळली. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रडारला वस्तूचा वेग चांगला कळतो, आकार फारसा कळत नाही. रस्त्याकडेचा फलक, पूल, कठडा हे सगळे रडारला स्थिर वस्तू म्हणूनच दिसतात. प्रत्येक स्थिर प्रतिध्वनीला गाडी ब्रेक लावू लागली तर पुलागणिक थांबेल. म्हणून अनेक यंत्रणांत जोरात धावताना स्थिर प्रतिध्वनींकडे दुर्लक्ष करण्याचे धोरण ठेवले गेले. मग त्या दुर्लक्षात खरा ट्रकही जातो.

दुसरी अडचण जनावरांची. कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य वाशिम जिल्ह्यातले. त्याच्या आसपास काळवीट, रोही म्हणजे नीलगाई आणि रानडुकरे शेतांत वावरतात. समृद्धीवर त्यांच्यासाठी पूल आणि भुयारी वाटा केल्या आहेत, कुंपणही आहे. पण कुंपण कुठे तुटते, कुठे वाहून जाते, कुठे शेतात जायला कोणी वाट पाडतो. दोनशे किलोंचा रोही अंधारातून उडी घेऊन आला तर जुना चालक काय करतो? तो एका रोह्याला पाहून ब्रेकवर पाय ठेवतो, कारण मागे कळप असणार हे त्याला ठाऊक आहे. हे ज्ञान कोणत्याही कॅमेऱ्यात नसते. ते या रानात वाढलेल्या माणसाच्या अनुभवात असते.

व्होल्वो कंपनीने स्वीडनमध्ये सांबरासारख्या मोठ्या हरणांवर आपली जनावर ओळखणारी यंत्रणा तयार केली. २०१७ साली ऑस्ट्रेलियात तिला कांगारूंनी चकवले. जनावर किती दूर आहे हे यंत्रणा जमिनीशी त्याच्या स्पर्शावरून ठरवी; कांगारू हवेत असला की लांब वाटे, खाली आला की जवळ. स्वीडनचे शिक्षण ऑस्ट्रेलियात उपयोगी पडले नाही. मग वऱ्हाडात ते कसे पडेल?

शेलूबाजारला उतरल्यावर

हे झाले समृद्धीवरचे. तिच्यावरून शेलूबाजारच्या इंटरचेंजला खाली उतरले की पाच मिनिटांत दुसरेच जग सुरू होते. जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावर ऑक्टोबरात या. सोयाबीनची काढणी चालू असते. रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेले, त्याला दगड लावून आखणी केलेली, म्हणजे एक पट्टा धान्याचा. मळणीयंत्र ओढणारा ट्रॅक्टर अंधारात मागच्या दिव्याविना निघालेला. त्याला ओलांडताना समोरून बंडी येते. बंडीवाला हात हलवून ‘या’ म्हणतो की ‘थांबा’ म्हणतो, हे त्याच्या मनगटाच्या लकबीवरून कळते. पोहरादेवीला रामनवमीची यात्रा असली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून, जीपच्या टपावरून माणसे निघालेली. कारंज्याला गुरुमंदिराकडे जाणारे भाविक रस्त्याच्या मधोमध.

इथे चालक नियमांनी जितका चालवतो त्याहून जास्त नजरेने, हॉर्नने आणि डिपर-अप्परच्या खुणांनी चालवतो. ही बेशिस्त आहे आणि तिच्यात माणसे मरतात, हे खरेच. पण ती एक चालू व्यवस्थाही आहे, आणि यंत्राला ती शिकावी लागेल.

आपल्याकडे यावर प्रामाणिक काम झाले आहे. २०१८ साली हैदराबादची ट्रिपल आयटी आणि इंटेल यांनी ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ प्रसिद्ध केला. हैदराबाद, बेंगळुरू आणि त्यांच्या आसपासच्या रस्त्यांवरची दहा हजार छायाचित्रे, त्यांतली प्रत्येक वस्तू ओळखून ३४ वर्गांत बसवलेली. तोवर अभ्यासकांच्या अनेक यंत्रणा मुख्यतः जर्मन शहरांच्या चित्रसंचावर शिकत होत्या. त्या संचात ऑटोरिक्षा नव्हती, रस्त्यावरची जनावरे नव्हती. भारतीय अभ्यासकांनी आणखी एक वर्ग घातला, तो या मातीचा: रस्ता नसलेली पण गाडी जाऊ शकते अशी जागा. डांबर जिथे संपते आणि कडेची माती सुरू होते, तिथे आपल्याकडे रस्ता संपत नाही, हे त्यांनी यंत्राला सांगितले. भोपाळच्या स्वायत्त रोबोट्स या कंपनीने बोलेरोवर यंत्रणा बसवून गजबजलेल्या रस्त्यांवर प्रयोग केले आहेत. ही वाट योग्य आहे. पण ती प्रयोगाची वाट आहे, आणि प्रयोगाला कसोटी हवी. वाळत घातलेले सोयाबीन, बिनदिव्याचे मळणीयंत्र आणि रात्रीचा रोही ज्या परीक्षेत नाहीत, ती परीक्षा पास झालेली गाडी वाशिमला चालणार नाही.

नागपूरचे दोन निर्णय

या इतिहासातली दोन वळणे विदर्भातल्याच नागपूरशी जोडलेली आहेत. पहिले नितीन गडकरी यांचे. केंद्रीय परिवहन मंत्री म्हणून त्यांनी जुलै २०१७ मध्ये विनाचालक गाड्यांना भारतात परवानगी देणार नाही असे सांगितले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधल्या कार्यक्रमात तेच पुन्हा सांगितले. कारण रोजगाराचे होते: लाखो चालकांची पोटे या कामावर आहेत. वऱ्हाडातल्या कोरडवाहू घरांमधली किती मुले ट्रक आणि ट्रॅव्हल्सवर जातात हे पाहिले तर या कारणाचे वजन कळते.

दुसरे वळण कमी गाजले, पण माझ्या मते जास्त मोलाचे आहे. २०२१ साली नागपूरमध्ये ‘आय-रस्ते’ हा प्रकल्प सुरू झाला. महापालिका, इंटेल, ट्रिपल आयटी हैदराबाद, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्रा त्यात सहभागी होते. शहर बसमध्ये कॅमेरे बसवून धडक होण्याची शक्यता दिसताच चालकाला इशारा द्यायचा, आणि असे इशारे जिथे वारंवार मिळतात त्या जागा नकाशावर नोंदवायच्या, अशी ही योजना. जिथे माणसे मेली तो ‘ब्लॅक स्पॉट’. जिथे अजून मेलेली नाहीत पण मरण्याची चिन्हे आहेत तो ‘ग्रे स्पॉट’. स्टिअरिंग चालकाच्याच हाती, यंत्र त्याच्या बाजूला बसलेले. इथे कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाला रिकामे करत नाही, जागे ठेवते. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने बस आणि ट्रकांत आपोआप ब्रेक, चालकाची झापड ओळखून इशारा आणि पट्टा सोडल्याचा इशारा बंधनकारक करण्याचा मसुदा काढला, तोही याच दिशेचा.

कायद्याची बाजू मात्र अजून उघडी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संशोधनासाठी काही वाहनांना सूट देण्याची तरतूद आली. पण सूट मिळालेल्या गाडीने माणूस मारला तर आरोपी कोण, याचे स्पष्ट उत्तर त्यात नाही. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात ते दिले: गाडी स्वतः चालत असताना जबाबदारी ती रस्त्यावर आणणाऱ्या अधिकृत संस्थेची, आत बसलेल्या माणसाची नव्हे. टेम्पेचा धडा तिथे उतरला. भारतात एकही विनाचालक गाडी येण्याआधी हे वाक्य आपल्या कायद्यात आले पाहिजे.

आधी जे हातात आहे ते

यंत्र कधीच चालवू शकणार नाही असे मी म्हणत नाही. वेमो या कंपनीच्या गाड्या २०२० पासून अमेरिकेत फिनिक्सच्या काही भागांत चालकाविना सामान्य प्रवाशांना नेत आहेत. आखलेल्या परिसरात, बारकाईने नकाशा केलेल्या रस्त्यांवर ते साधले आहे. पण त्या यशाचे बोट धरून वाशिमच्या रस्त्याकडे पाहण्याची घाई करू नये. इथल्या मृत्यूंवरचा उपाय त्या गाडीच्या प्रतीक्षेत नाही.

तो उपाय १९६१ सालीच कायद्यात लिहिलेला होता. मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली. पिंपळखुट्याला बस पेटली तेव्हा हा कायदा ६२ वर्षांचा झाला होता. समृद्धी खुली झाली तेव्हा तिच्यावर थांबायला, हातपाय धुवायला, चहा प्यायला पुरेशा जागा नव्हत्या. ज्या राज्याने ताशी १२० चा रस्ता बांधला, त्याने चालकाच्या झोपेची सोय रस्त्याबरोबरच बांधायला हवी होती.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वाशिमच्या रस्त्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने आज चालकाच्या शेजारी बसावे: त्याचे डोळे मिटू लागले की ओरडावे, पुढे थांबलेला ट्रक दिसला की ब्रेक लावावा, कुंपण कुठे तुटले ते कळवावे. स्टिअरिंग मागायचे असेल तर त्या यंत्राच्या निर्मात्याने आधी न्यायालयात उभे राहण्याची हमी द्यावी. आणि तोवर आपण प्रवाशांनी एक गोष्ट करावी. रात्रीच्या बसचे तिकीट काढताना एसी आहे का, सीट कुठली, हे विचारतो, तसेच दोन प्रश्न विचारावेत: दुसरा चालक आहे का, आणि पहिला शेवटचा कधी झोपला?